फुकटचा बेस आणि मायची हाक

आमच्या घरातून कुणीही एकदाच बाहेर पडलं, असं कधी झालं नाही. निघालेला माणूस अंगण ओलांडून चिंचेच्या झाडापर्यंत पोचला की घरातून मायची हाक यायची, आणि त्याला मागं फिरावं लागायचं. कधी डबा राहिलेला असायचा, कधी गुळाचा खडा, कधी तिचं एखादं वाक्य सांगायचं राहिलेलं असायचं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे गावात सगळ्यांत जास्त मायलाच ठाऊक होतं. त्यावरचा उपायही तिच्याकडेच. परत यायचं, उंबऱ्याच्या आत जरा टेकायचं, दोन घोट पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. म्हणजे दुखणंही तिचंच आणि औषधही तिचंच. या औषधापायी माझी शाळेतली पहिली घंटा कितीदा चुकली याचा हिशोब ठेवायला आमच्याकडे कुणाला फुरसत नव्हती.

माझे वडील, म्हणजे अप्पा, यांना ही रीत बिलकूल मान्य नव्हती. अप्पा गवंडी. बिदरकडच्या आमच्या मेहकरातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा ते ऐन जवानीत होते, आणि एकदा घेतला म्हणजे पुरता घेतला, अशा स्वभावाचे. नवस गेले, अंगारे गेले, आडवं मांजर गेलं. कुणी शकुनाची गोष्ट काढली की ते पिशवीतून ओळंबा काढून त्याच्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "ह्याला शकुन कळत न्हाई. भिंत सरळ हाय का वाकडी, येवढंच ह्यो सांगतोय." समोरच्याला ओळंब्याशी भांडता यायचं नाही. मायला यायचं. ती भाकरी थापता थापता, हात न थांबवता उत्तर द्यायची, "देव सोडा म्हणलात, सोडले. हाक काय देवाची हाय व्हय? हाक माझी हाय." मायची हाक आली की ते थांबायचे, पण मान वळवायचे नाहीत. चिंचेखाली पाठमोरे उभे राहून "काय हाय?" विचारायचे, आणि मायलाच डबा घेऊन तिथवर जावं लागायचं. मी दोघांच्या मधे सापडलेली. मी परत यायचे, पण चपलेचा पट्टा निसटल्यासारखं करून उंबऱ्यात टेकायचे. म्हणजे मायची रीत राहायची आणि अप्पांना पट्टा दिसायचा. त्या पट्ट्याला काही झालेलं नाही हे अप्पांना कळत होतं, असं मला आता वाटतं.

सकाळी आमच्या घरात दोन आवाज असायचे. परातीत भाकरी थापल्याचा, आणि अप्पा थापीला चिकटलेला कालचा गारा खरवडायचे त्याचा. तुरीच्या डाळीचं वरण चुलीच्या वैलावर खदखदत असायचं. संध्याकाळी अप्पा आमच्याकडून वंदना म्हणून घ्यायचे, आणि तेवढ्या वेळात माय दारात उभी राहून गल्लीत हाका मारायची, कोण घरी आलं आणि कोण नाही ते बघायला. मायचा जगाचा नकाशाच हाकेवर होता. विहीर हाकेच्या आत, शाळा हाकेच्या आत, तिची बहीण दिलेलं गाव, दुबलगुंडी, हाकेच्या बाहेर. बहिणीचं नाव काढलं की ती म्हणायची, "लई लांब दिली बगा तिला. हाक पोचत न्हाई." आज माझी मुलगी पुण्याहून फोन करते, आणि मी निघाले की रिक्षात बसल्यावर करते. वाटेत फोन आला तर कुठं टेकायचं, हे मायनं सांगून ठेवलं नाही.

तर अशा घरातली मुलगी सॉफ्टबॉल खेळायला लागली, ही शिवराज सरांची करणी. सर आमच्या शाळेत खेळाचे मास्तर म्हणून आले ते धारवाडकडून. घरची भाषा कन्नड, मराठी मेहकरात आल्यावर शिकलेले, त्यामुळे त्यांचा बॉल कधी आला, कधी आली, आणि कधी कधी आलं. कुठल्याशा शिबिरात त्यांनी हा खेळ पाहिला होता आणि तो मुलींनी खेळायचा हे मनाशी पक्कं केलं होतं. मुख्याध्यापकांनी एक बॅट आणि दोन बॉल घेऊन दिले. हातमोजे सगळ्यांना पुरत नव्हते, मग जिच्याकडे बॉल जास्त जायचा तिला मोजा. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर बेस लागतात. ते आम्ही खताच्या रिकाम्या पोत्यांत भुसा भरून शिवले. ती पोती इतकी मऊ झाली की खेळाच्या मधल्या सुट्टीत आम्ही त्यांवरच बसून शेंगा खायचो. सर ओरडायचे, "अगे, ती बेस आहे, पाट नाही."

खेळ समजायला अवघड नव्हता. पिचर बॉल टाकते, आपण मारायचा, आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस करत पुन्हा घरी यायचं. घरी आलो की एक धाव. पण एक नियम आम्हाला फार दिवस पचला नाही. पिचरनं चार बॉल खराब टाकले, तर बॅट न लावताच पहिला बेस आपला. कुणी अडवायचं नाही, चालत गेलं तरी चालतं. हे ऐकून माझी मैत्रीण शरणव्वा म्हणाली, "फुकट? कामून?" शरणव्वा वरच्या गल्लीतल्या शेतकऱ्याची मुलगी, हाडापेरानं मजबूत, आणि तिच्या घरी फुकट काही घ्यायचं नाही असा दंडक. आमच्या घरीही तोच. त्यामुळे चौथा खराब बॉल पडला की आम्ही मुली खाली मान घालून, ओढणी सावरत, पाहुण्यांपुढं चहा घेऊन जावं तशा पावलांनी पहिल्या बेसवर जायचो आणि तिथं अंग चोरून उभ्या राहायचो. सर कपाळावर हात मारून घ्यायचे.

एके दिवशी त्यांनी सगळ्यांना पोत्यांभोवती गोळा केलं. "फुकटचं मिळालं की माणूस तिथंच बसतो," ते म्हणाले. "तुम्ही बसायचं नाही. पैला बेस तुमचा झाला, पण खेळ थांबली का? नाही थांबली. बॉल जिवंत आहे. पैल्या बेसवरून तसंच पुढं दुसऱ्याकडं निघायचं. सगळ्या तुझ्याकडं बघतील. बघता बघता तिसऱ्या बेसवरची घरी पळून येईल." ही युक्ती ऐकल्यावर शरणव्वाच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला अजून दिसते. तिसऱ्या बेसवर तीच उभी राहणार होती. मग सरांनी पिचरभोवती चुन्यानं आखलेला गोल दाखवला. "पण बॉल घेऊन पिचर ह्या गोलात उभी असली, तर नियम कडक. पुढं निघालीस, एकदा थांबलीस, चालतं. मग लगेच ठरव. पुढं जा, नाहीतर मागं फीर. मागं फिरलीस तर बेसवरच ये. आणि एकदा बेसवर आलीस, की ती गोलात असेपर्यंत बेस सोडायचा नाही. सोडलास की आऊट." माझ्याकडं बघून त्यांनी पुन्हा सांगितलं, "सुमन, उगीच मागं बघायचं नाही." आमच्या घरची रीत त्यांच्या कानावर गेली होती की काय कोण जाणे.

आम्ही तालुक्यात जिंकलो, बिदरला जिंकलो. जिंकलो म्हणजे समोरच्यांनाही खेळ फारसा येत नव्हता. मग गुलबर्ग्याला मोठे सामने निघाले, आणि सरांनी घरी येऊन अप्पांना सांगितलं की तिथं जो संघ पहिला येईल त्यातल्या दहावीच्या मुलींना तिथल्या खेळाच्या वसतिगृहात जागा आहे. राहणं, जेवण, पुढचं कॉलेज, सगळं. मेहकरात शाळा दहावीपर्यंतच. त्यानंतर मायनं माझ्यासाठी शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन ठरवून ठेवलं होतं. मला शिलाई येत नव्हती, आणि शिकायचीही नव्हती. मला शिकून मास्तरीण व्हायचं होतं, शिवराज सरांसारखी शिट्टी गळ्यात अडकवून. हे मी आतापर्यंत फक्त शरणव्वाला सांगितलं होतं. त्या दिवशी अप्पांसमोर सांगून टाकलं. अप्पा थापी खरवडता खरवडता म्हणाले, "जिंकली तर जाऊ दे तिला." माय म्हणाली, "आन् हरली तर?" "हरली तर मशीन हाय की." मायनं लगेच होकार दिला. आम्ही जिंकणार नाही याची तिला खात्री असावी.

शाळेत एकही बाई शिक्षिका नव्हती आणि मुलींबरोबर कुणी बाई पाहिजेच, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं. कुणी तयार होईना, तेव्हा माय पदर खोचून म्हणाली, "मी जाते की." अशा रीतीनं जिचा या जाण्याला विरोध, तीच आमची रखवालदार होऊन निघाली. तिनं कडक भाकऱ्यांचं एक गाठोडं, शेंगाच्या चटणीचा डबा आणि पाण्याची कळशी घेतली. गुलबर्ग्याला पाणी नसतं असं तिला कुणी सांगितलं होतं, की तिचं तिनंच ठरवलं होतं, देव जाणे. हुमनाबादला एस.टी. थांबली तेव्हा उतरलेल्या प्रत्येकीला तिनं हाक मारून परत बोलावलं, आणि कंडक्टरनं आमच्यापायी दोनदा शिट्टी वाजवली.

गुलबर्ग्याचं मैदान बघून आमचे चेहरे उतरले. बेस पांढऱ्या कॅनव्हासचे, टणक. समोरचा संघ तिथल्याच मोठ्या शाळेचा, सगळ्या निकर घातलेल्या, सगळ्यांच्या हातात मोजे. आम्ही पांढऱ्या सलवार-कमीजात, ओढण्या कमरेला करकचून बांधलेल्या. मायनं त्यांचे उघडे गुडघे पाहिले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पळायला बरं पडत असंल." मायचा हा मोठेपणा मला त्या वेळी जाणवला नाही. ती पहिल्या बेसच्या मागं, चुन्याच्या रेषेबाहेर, कळशीवर फुलपात्र पालथं घालून मांडी ठोकून बसली.

शेवटचा सामना आम्ही कसा खेळलो ते मला नीट आठवत नाही. त्यांची पिचर तेवढी आठवते. उंच, सावळी, दोन वेण्या वर बांधलेली, आणि प्रत्येक बॉल टाकण्याआधी नाक ओढणारी. तिनं आम्हाला दमवलं, पण तीही दमली. शेवटच्या डावात दोन्हीकडच्या धावा सारख्या झाल्या. आमच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की डाव संपला. शरणव्वा कशीबशी धडपडत तिसऱ्या बेसवर पोचलेली, आणि बॅट माझ्या हातात. ती घरी आली तर आम्ही जिंकलो. मी बाद झाले तर पुन्हा सगळं त्यांच्या हातात, आणि त्यांच्या हाताला चांगले मोजे होते. मला समोर पिचर दिसत नव्हती, शिलाई मशीन दिसत होतं.

तिचे चार बॉल खराब पडले. शेवटचा तर माझ्या डोक्यावरून गेला. सर ओरडले, "चल!" मी ठरल्याप्रमाणं निघाले. पहिला बेस केला, न थांबता दुसऱ्याकडं वळले. पण त्या पोरी आमच्या मेहकरातल्या नव्हत्या. बॅटमागं उभ्या त्यांच्या कॅचरनं बॉल झेलून सरळ पिचरला दिला, ती गोलात उभी राहिली आणि माझ्याकडं बघायला लागली. तिसऱ्या बेसवर शरणव्वा एक पाय पुढं टाकून थिजली. मी थांबले. एकदा थांबायची मुभा होतीच. आता पुढं जायचं, असं मी ठरवलं. अगदी ठरवलं होतं.

"सुमेऽऽ"

हाक बरोबर पाठीमागून आली. चिंचेपर्यंत पोचलेल्या माणसाला यायची तशीच, तेवढीच लांब ओढलेली. माझे पाय मला न विचारता फिरले. मी पहिल्या बेसवर परत आले आणि त्यावर टेकले. नुसती उभी राहिले असते तर कुणाचं लक्ष गेलं नसतं. मी बसले, गुलबर्ग्याच्या त्या भरल्या मैदानात, कॅनव्हासच्या बेसवर, उंबऱ्यात बसावं तशी. हातानं चपलेचा पट्टाही चाचपला. पायात कॅनव्हासचे बूट होते. लोक हसायला लागले. सरांनी तोंड फिरवलं.

आणि त्या उंच पिचरला वाटलं की माझा पाय मुरगळला. भली पोर. बॉल हातात तसाच धरून ती गोलातून बाहेर आली, चार पावलं माझ्याकडं चालत आली आणि म्हणाली, "क्या हुआ गे? पाँव मुड्क्या क्या?" अंपायरनं खेळ थांबवला नव्हता. कुणी थांबवा म्हणालंही नव्हतं. पण हे सगळं मला नंतर समजलं. त्या घडीला मला एवढंच माहीत होतं की हाक आली, परत आले, टेकले. आता नव्यानं निघायचं. मी उठले आणि दुसऱ्या बेसकडं चालायला लागले. घरून शाळेला निघावं तशी, शांतपणे. पिचर माझ्याकडं बघतच राहिली. मग तिच्या मागच्या सगळ्या एकदम ओरडल्या, तिनं घाईत बॉल फेकला, तो दुसऱ्या बेसवरच्या मुलीच्या हातभर वरून गेला, आणि शरणव्वा, जिला आयुष्यात कुणाची हाक थांबवू शकली नाही, ती तिसऱ्या बेसवरून सुटली ती घरी येऊन पडली. ती उठली तेव्हा तिच्या सलवारीचा गुडघा गेला होता आणि ती हसत होती.

भांडण झालं. त्यांच्या बाई म्हणाल्या, मुलगी बसली म्हणजे खेळ थांबला. अंपायर म्हातारे होते, चष्मा पुसत पुसत त्यांनी विचारलं, "खेळ थांबवायला कुणी सांगितलं का? बॉल गोलात होता का?" नव्हता. पिचर गोलातून बाहेर आल्याबरोबर माझ्यावरचं बंधन सुटलं होतं. बेस सोडायची मला मोकळीक होती, फक्त हे मला ठाऊक नव्हतं. धाव धरली गेली. आम्ही जिंकलो. सगळ्या पोरी सरांभोवती नाचत असताना ती पिचर माझ्याजवळ आली, नाक ओढलं आणि म्हणाली, "पाँव अच्छा है ना?" मला रडूच आलं. मी मान हलवली. मायनं कळशीवरचं फुलपात्र भरून आधी तिला दिलं, मग मला.

घरी आल्यावर अप्पांनी सगळं दोनदा ऐकलं. मग जमिनीवर चार खडे मांडायला लावले, मधे कोळशानं गोल काढायला लावला आणि कोण कुठं होतं ते विचारून विचारून घेतलं. शेवटी बोट गोलावर टेकवून म्हणाले, "म्हंजे पोरगी नियमानं जिंकली. शकुनानं न्हाई." माय चुलीपुढून म्हणाली, "व्हय. नियमानंच. मी फकस्त हाक मारली." अप्पांनी खडे गोळा केले. त्या रात्री तिनं गहू-गुळाची हुग्गी केली, आणि वाढताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

ती हाक कशासाठी होती, हे मी पुढं कितीतरी वर्षांनी तिला विचारलं. तोवर मी स्वतः गळ्यात शिट्टी अडकवून बिदरच्या शाळेत मुली पळवत होते. माय अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "पाणी पी म्हणून सांगायला." थोड्या वेळानं म्हणाली, "तू लई लांब चाललीस असं वाटलं बग." पहिल्या बेसपासून मी फार तर अंगणाएवढं अंतर गेले होते. पण ती मैदानातल्या अंतराबद्दल बोलत नव्हती, आणि मलाही ते कळत होतं. मी तिचा हात धरून बसून राहिले.

वसतिगृहात जायच्या दिवशी मायनं हाक मारायची पाळीच येऊ दिली नाही. पहाटेपासून एकेक वस्तू आणून माझ्या ट्रंकेत घालत होती. चटणी, फणी, सुईदोरा, दोन कांदे, जुन्या लुगड्याची गोधडी. विसरलेलं काही राहिलंच नाही तर हाक कशासाठी मारणार? मी दोघांच्या पाया पडले, ट्रंक डोक्यावर घेतली आणि निघाले. शरणव्वा पुढं फाट्यावर जाऊन थांबली होती. तिच्या घरच्यांना आमच्या अप्पांनीच जाऊन पटवलं होतं. अंगण ओलांडताना मी हळू चालत होते. पाठीमागं काहीच आवाज नव्हता. तिरक्या नजरेनं पाहिलं तर मायनं पदराचा बोळा तोंडात धरलेला, आणि दोन्ही हात त्यावर दाबलेले. मी चिंचेपाशी पोचले. चिंच मागं पडली.

"सुमे."

हाक मायची नव्हती. मी वळले. अप्पा दारात उभे होते, हातात कामाची पिशवी, आणि चेहरा असा की हाक दुसऱ्याच कुणी मारली असावी.

"काय अप्पा?"

त्यांनी पिशवीत बघितलं, आढ्याकडं बघितलं. "काई न्हाई," ते म्हणाले.

मी परत आले. ट्रंक खाली ठेवली आणि उंबऱ्याच्या आत टेकले. पट्ट्याला हात लावला नाही. माय आत जाऊन तांब्या घेऊन आली. अप्पांनी तो तिच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढं धरला. "पी," म्हणाले. मी दोन घोट प्यायले. मग आणखी दोन प्यायले. तेवढ्यात फाट्याकडून एस.टी.चा हॉर्न आला, गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं ती निघून गेल्याचा. पुढची गाडी दुपारची होती. अप्पा माझ्या शेजारी उंबऱ्यात बसले, आणि माय भाकरीचं पीठ घ्यायला आत गेली.